बिजागरीची बाजू

तपासणी केंद्रातल्या शाहीनने तीन पालथ्या वाट्यांपैकी डावीखाली बिस्किट ठेवलं, मिनिटभर थांबून “सोडा” म्हणाली. बुंदी कुत्री नुसतीच बघत राहिली. मालिनीबाईंनी तिचा पट्टा हळूच डावीकडे ओढला.

“काकू, पट्टा सैल ठेवा,” शाहीन म्हणाली, पण कागदावर तिने ‘बरोबर’ लिहिलं.

बुंदीच्या मेंदूत मालिनीबाईंच्या नवऱ्याचा, दिनकररावांचाच विसराळूपणाचा आजार रुजवला होता. तिच्यात तो सातपट वेगाने वाढत होता. तिला आज जे जमत नव्हतं, ते त्यांना वर्षभराने जमेनासं होणार होतं. दोघांना औषधही एकच होतं. ती नापास झाली, की ते निरुपयोगी ठरवून त्यांचंही बंद होणार होतं.

निघताना बुंदी दाराशी गेली आणि बिजागऱ्यांच्या फटीला नाक लावून, दार तिथूनच उघडेल म्हणून थांबून राहिली. मालिनीबाईंनी पुन्हा पट्टा ओढला.

“ओढू नकोस गं,” मागे उभे असलेले दिनकरराव नवरेपणाच्या जुन्या, शांत आवाजात म्हणाले. “तिच्यासाठी दार तिथेच आहे. पुढच्या वर्षी मलाही ओढू नकोस.”

मालिनीबाईंनी पट्टा सोडला आणि त्याही बिजागऱ्यांकडे तोंड करून उभ्या राहिल्या.