क्ष-किरणांची खोली

कारखान्यातल्या नव्या संगणकावर क्ष-किरण यंत्राचा जुना ड्रायव्हर प्रोग्राम तिने कसाबसा सुरू केला, तर पडद्यावर उमटलं: 'आत एक माणूस आहे. किरण बंद.' खोलीत तपासणीच्या लोखंडी नळीखेरीज काहीच नव्हतं. तिने यंत्र उभारणाऱ्या निवृत्त सरांना फोन लावला.

"सर, सेन्सर खोटं बोलतोय."

"कुठला सेन्सर? माणूस ओळखणारा सेन्सर तिथे कधी बसवलाच नाही, बाळ. बसवला असता तर किरण सुरू झाले तेव्हा आत राहिलेला आपला फिटर वाचला असता."

विश्वास न बसून ती स्वतः आत गेली, भिंती चाचपून रिकाम्या हाती बाहेर आली. चहा पिऊन परतलेला सहकारी संगणकापुढे पांढराफटक पडला होता.

"ताई, तुम्ही आत होतात? अहो, मी सुरूचं बटण दाबलं होतं! यंत्र ढिम्म हललं नाही. पडद्यावर आलं, 'आत दोन माणसं आहेत.'"