मास्तरांचा चिमटा

खोटं वाटलं तर पंचवटीत विचारा. शहाण्णव साली दाजीमास्तरांच्या पहिल्या पुण्यतिथीच्या मैफलीत त्यांचं शंभर वर्षांचं व्हायोलिन शिष्य रविराजच्या हाती आलं. "नीट वाजवलंस तर तुझंच," मास्तरांच्या बायकोनं, म्हणजे माईंनी, सांगितलं होतं.

गुरूचं नाव घेताना गाणारे-वाजवणारे कानाची पाळी धरतात. रविराजनं मास्तरांचं नाव घेतलं, पण कानाला हात लावायचा राहिला.

वाजवायला लागताच त्याचा डावा कान आपोआप वर ताणला गेला. पाळीतून रक्त ओघळलं, तरी बोटं थांबेनात.

"माई, सोडवा," तो कण्हला.

माई पहिल्या रांगेत सुपारी कातरत होत्या. "सूर पक्का होईपर्यंत ते सोडत नसत, ठाऊक आहे ना तुला?"

"झाला की पक्का."

"मला काय सांगतोस? त्यांना विचार."

रविराजनं विचारलं.

उजवा कानही ताणला गेला.