मिशांचे मासे

प्रशीलने बर्फाची बाटली माशांच्या टाकीत सोडली आणि तेवढ्यात वीज गेली. पंखा थांबला, कूलर थांबला, माशांचा हवेचा पंप थांबला. इन्व्हर्टरने दोन आचके दिले आणि मानच टाकली. मग झुंबरबाईच्या खाटेशेजारचं ऑक्सिजनचं मशीनही बंद पडलं.

"गई का?" म्हातारीने विचारलं.

"गई, माय. डीपी जळनी वाटतं."

मे महिन्यात मेहरूणमध्ये डीपी जळणं काही नवं नव्हतं. एकदा जळली की अंधार पडेपर्यंत कोणी फिरकायचं नाही. प्रशीलने कोपऱ्यातला सिलिंडर ओढला, मशीनची नळी काढून त्याला जोडली आणि तिचं टोक आईच्या नाकात नीट बसवलं. तिची छाती हळूहळू शांत झाली.

झुंबरबाईचं अर्धं आयुष्य पाचोऱ्याकडच्या एका जिनिंगमध्ये गेलं होतं. कापसाची धूळ आत जाऊन बसली ती बसलीच. डॉक्टरांनी प्रशीलला बाहेर बोलावून सांगितलं होतं, आता बरं होणं नाही, आहे ते टिकवायचं. तेव्हापासून तो टिकवत होता. चटईच्या कारखान्यातली पाळी, आईची नळी आणि हे मासे, एवढ्यातच त्याचा दिवस संपायचा.

मासे त्याने मुद्दाम बाहेरून मागवले होते. बोटाच्या पेराएवढे, अंगावर खवल्यांऐवजी चिलखत, तोंडाला मिशा. तळाची वाळू हुंगत फिरायचे आणि मधूनच डोळा मिचकावायचे. शहरातल्या दुकानात लोक सोनेरी, लाल मासे बघायला गर्दी करायचे. याच्या मातकट माशांकडे कोणी ढुंकून पाहिलं नसतं. त्याची बायको सपना त्यांना 'तुमचे मुकादम' म्हणायची. ती सध्या लग्नासाठी बोदवडला माहेरी गेली होती.

झुंबरबाईला मासे अजिबात आवडत नसत. निदान तोंडाने तरी ती तसंच म्हणायची.

"तेस्ले बरफ," ती आताही पुटपुटली, "आनि मानूस उकडी ऱ्हायना."

"तुले बी देस बरफ. थांब."

"माले नको. खाट जरा इकडे सरकाव. खिडकीनी हवा लागस."

प्रशीलने खाट सरकवली. ती टाकीला जाऊन टेकली. खिडकीतून येणारी हवा कसली, झळाच होत्या. पण म्हातारीला वाटलं ना बरं, मग झालं.

पंप बंद पडल्यामुळे असेल, एक मासा तळावरून सुटला, सरळ वर आला, पाण्याबाहेर तोंड काढून घोट घेतला आणि पुन्हा खाली गेला. त्याच्यामागून दुसरा.

"हाई काय करी ऱ्हायनात?" झुंबरबाईने मान वळवली.

"हवा लेतस. तेस्नी सवयच शे ती."

"सवय?"

"हा. पंप चालू राहो का बंद, वर येतसच. तेस्ले काही होत नही."

झुंबरबाई थोडा वेळ काचेकडे बघत राहिली. "जिनिंगमा मुकादम बी मना खोकलाले सवयच म्हने," ती म्हणाली.

प्रशीलला हसू आलं नाही. त्याचं सगळं लक्ष सिलिंडरच्या काट्याकडे होतं. संध्याकाळपर्यंत पुरला असता, पुढे नाही. वीज रात्रीपर्यंत आली नाही तर काय? दुसरा भरलेला सिलिंडर आत्ताच आणायला हवा होता.

"माय, मी सिलिंडर लई येस. धुरपदाअक्काले सांगी जास, ती डोकावत राही. नळीले हात लावू नको."

"आनि या?" तिने टाकीकडे बोट केलं. आता तीन-चार मासे एकामागून एक वर धावत होते. "मराले टेकनात वाटतं."

"मरू दे," प्रशील वैतागून बोलून गेला. "संध्याकाळले दुकानमा दी येस बठ्ठा. तू नीट ऱ्हाय म्हणजे झालं."

बोलला आणि त्याचं त्यालाच वाईट वाटलं. त्या घरात त्याला आवडेल असं दुसरं होतं तरी काय.

"दी टाक," झुंबरबाई म्हणाली. "घर मोकयं व्हई."

त्याने सिलिंडरची चावी पुन्हा एकदा तपासली, वीज येताना झटका बसू नये म्हणून पंखा, कूलर आणि दिव्याची बटणं बंद केली, शेजारच्या धुरपदाअक्कांना हाक मारली आणि तो निघाला.

पुरवठादाराकडे रांग होती. उन्हाळ्यात सगळ्यांनाच श्वास कमी पडत असावा. एका माणसाने आपल्या वडिलांचं सांगायला सुरुवात केली, पण प्रशीलच्या कानात काही शिरलं नाही. नंबर लागला तेव्हा त्याने सिलिंडर जवळजवळ हिसकावूनच घेतला आणि रिक्षा केली.

धुरपदाअक्का ओट्यावर पदराने वारा घेत बसल्या होत्या.

"घाई नको करू," त्या म्हणाल्या. "मी आताच डोकाई ऊनू. निजेल शे. आज खोकलनी बी नही."

प्रशीलने आवाज न करता दार लोटलं. आत पडदा ओढलेला, खोलीत मंद उजेड. आई कुशीवर, टाकीकडे तोंड करून पडली होती. मासे तळाशी निवांत बसले होते. आणि टाकीच्या कोपऱ्यातून बुडबुड्यांची रांग वर चढत होती.

चला, आली वीज. त्याच्या अंगातला सगळा ताण उतरला. सिलिंडर त्याने अलगद भिंतीला टेकवला. संध्याकाळी मासे द्यायची गरज नाही, दुकानदाराला काहीतरी सांगता येईल, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. आईला गार वाटावं म्हणून त्याने पंख्याचं बटण दाबलं.

पंखा हलला नाही.

त्याने दिव्याचं बटण दाबलं. दिवाही लागला नाही. मग तो टाकीजवळ गेला. पंप बंदच होता. आईच्या नाकातली नळी पाण्यात होती, आणि ती वर येऊ नये म्हणून तिने काठाशी बोटांनी दाबून धरली होती.