देवमाशाला दुसरा हात

भेटीवर देखरेख ठेवणाऱ्या बाईंनी टेबलावर देवमाशाच्या चित्रांचे कागद ठेवले, जलरंगांची पेटी ठेवली, कात्री ठेवली, आणि स्वतः दाराजवळची खुर्ची ओढून बसल्या.

"एक तास," त्या रंगाऱ्याला म्हणाल्या. "आणि आज जाताना मी तिला विचारणार आहे. पुढच्या शनिवारी बाबाला भेटायला यायचंय का, म्हणून. नाही म्हणाली तर जबरदस्ती करता येणार नाही."

रंगाऱ्याने मान हलवली. दुसरं काय करणार? तीन शनिवार झाले, त्याची सात वर्षांची मुलगी या खोलीत समोर येऊन बसत होती आणि तोंडातून ब्र काढत नव्हती. पहिल्या शनिवारी त्याने बाहुली आणली. दुसऱ्या शनिवारी चॉकलेटं. तिसऱ्या शनिवारी विनोद सांगितले, तर त्यांना फक्त बाई हसल्या, त्याही कीव येऊन. आज तो हात हलवतच आला होता.

मुलीने एक देवमासा पुढे ओढला. पोट कागदभर पसरलेलं आणि डोळा वाटाण्याएवढा. तिने ब्रश पाण्यात बुडवला तसा रंगारी अस्वस्थ झाला. कागद पातळ, पाणी लागलं की फुगून वर येणार. बोलायला काही सुचत नव्हतं, पण एवढं त्याला कळत होतं. त्याने खिशातून टेपचं रीळ काढलं. ते त्याच्या खिशात कायम असायचं, लग्नातसुद्धा होतं म्हणतात. कागदाच्या चारही कडा त्याने पुठ्ठ्यावर चिकटवल्या आणि नखाने घासून पक्क्या केल्या.

"ही शेवटचा हात मारून झाल्यावर काढायची," तो म्हणाला. "मग कड कशी सरळ येते बघ. रंग पातळ लाव. एकाच दिशेने, शेपटीकडून तोंडाकडे."

मुलीचा ब्रश त्याने सांगितलं तसाच फिरला. निळं पोट सगळीकडे सारखं उतरलं. रंगाऱ्याने नकळत समाधानाने हुंकार दिला. मग तिने ब्रश काळ्या रंगात बुडवला आणि थेट डोळ्याकडे नेला.

"थांब."

कामावर ओरडतो तसा तो ओरडला. मुलीच्या हातातून ब्रश पडला. तिने दोन्ही हात मांडीवर घेतले. दारापाशी बाईंनी मान वर केली.

झालं, त्याला वाटलं. आपल्याच हाताने माती केली.

"ओल्यावर दुसरा हात मारायचा नसतो," तो हळूच म्हणाला, मुलीला नव्हे, टेबलाला सांगितल्यासारखं. "पहिला हात पुरता वाळू द्यायचा. नाहीतर रंगात रंग मिसळतो आणि सगळा राडा होतो. म्हणून ओरडलो. ओरडायला नको होतं."

मुलीने पडलेला ब्रश उचलून पाण्यात ठेवला.

"किती वेळ लागतो वाळायला?" मुलीने विचारलं.

रंगाऱ्याने वाकून ओल्या पोटाकडे पाहिलं. "भिंत असेल तर एक रात्र. देवमाशाचं मला माहीत नाही. हा माझा पहिलाच."

तिच्या ओठांचा कोपरा जरासा हलला. "मग तोपर्यंत तू काय करतोस?"

"काही नाही. चहा पितो आणि भिंतीकडे बघत बसतो."

मग दोघं देवमाशाकडे बघत बसली. चहा नव्हता, म्हणून कागदी पेल्यातून पाणी प्यायली. नुसतं बसून मुलगी कंटाळली आणि देवमाशाच्या कारंज्यासाठी पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या कापायला लागली. तो त्या पेन्सिलीवर गुंडाळून कुरळ्या करत होता. दात पडला, ती म्हणाली, आणि तोंड उघडून दाखवलं. भिंतीतली भेग तपासावी तसा त्याने तो रिकामा खड्डा गंभीरपणे तपासला.

"मागच्या खोलीचा रंग निघायला लागलाय," ती कात्री चालवत म्हणाली. "माझ्या पलंगाजवळ. मोठे मोठे पोपडे येतात. तो तूच दिला होतास ना?"

"मीच."

"मग असं का झालं?"

"वरून वाळलेली दिसत होती, पण भिंतीत ओल होती. मी थांबलो नाही, घाई केली." तो पट्टी गुंडाळत राहिला. "चूक माझी. भिंतीची नाही."

मुलीने त्याच्याकडे नीट बघितलं. त्या दिवशी पहिल्यांदाच. मग तिने सगळ्या कुरळ्या पट्ट्या गोळा करून रंगपेटीच्या झाकणात ठेवल्या.

बाई उठून आल्या. "चला, वेळ झाली. छान झालाय ग देवमासा. घरी न्यायचा ना?" त्यांनी टेपच्या कोपऱ्याखाली नख घातलं.

"टेप काढू नका," मुलगी म्हणाली. "डोळा राहिलाय."

"मग रंगव की आता. दोन मिनिटं थांबते मी."

मुलीने देवमाशाच्या पोटावर बोट टेकवलं आणि उचलून पाहिलं. बोटाला काही लागलं नव्हतं. तिने ते पटकन मुठीत लपवलं.

"ओला आहे अजून," ती म्हणाली. "वरून वाळलेला दिसतो, पण आत ओल असते. आता पुढच्या शनिवारी."

बाईंनी रंगाऱ्याकडे पाहिलं. बावीस वर्षं रंग देत आलेला माणूस. रंग वाळून अर्धा तास झाला होता, हे त्याला काय कळत नव्हतं?

तो खाली वाकला. देवमाशाच्या पोटावरून त्याने बोटांची उलटी बाजू अलगद फिरवली.

"हो," तो म्हणाला. "आठ दिवस तरी लागतील."