बेलभंडार

“नथ सापडली गं हौसा. देवीच्या जुन्या शालूतच अडकली होती. निर्दोष ठरलीस तू,” म्हणत पंच सर्जेरावांनी दारातूनच पेढा पुढे केला.

देऊळ झाडणाऱ्या हौसाबाईनं पेढ्याला हात लावला नाही. नथ गेली तेव्हा याच सर्जेरावांनी साऱ्या गावासमोर तिला बेलभंडार उचलून शपथ घ्यायला लावली होती. तरी पाणवठ्यावर बायका तिच्याकडे पाठ फिरवत होत्या.

“ठरले कशाला? होतेच मी निर्दोष!” ताटात बेल नि भंडारा घेऊन ती तरातरा देवळाकडे निघाली. सर्जेराव मागोमाग धावले. देवळात शिरताच तिनं ताट त्यांच्यापुढे धरलं. “आता तुम्ही उचला, अण्णा. गावासमोर म्हणा, हौसा निर्दोष होती.”

“पंचानं कधी बेलभंडार उचललाय का?”

“कुणी उचलायला लावलाच नाही!”

तिनं घंटेची दोरी धरली आणि अख्खं गाव गोळा होईपर्यंत सोडली नाही.