डावं आठ, उजवं साडेनऊ

"हूक मागून, पुढचा भाग अख्खा. झालं," कुलदीप म्हणाला. "छातीचं तेवढं राह्यलं, मावशी. सांगा."

सुंदराबाईनं पिशवी उजव्या खांद्यावरून डाव्यावर घेतली, मग पुन्हा उजव्यावर. खुर्ची मघाच पुढे सरकवून झाली होती. ती बसली नव्हती.

"मधल्या रेघेपासून डावीकडं आठ. उजवीकडं साडेनऊ."

कुलदीपची बोटं कीबोर्डवर थांबली. शिवणाऱ्यांना कटिंगचे कागद कॉम्प्युटरवर आखून द्यायचा त्याचा धंदा, आणि धंद्याचा हिशेब सरळ: माणूस मधोमध सारखा असतो. अर्धं आपण आखायचं, उरलेलं अर्धं कॉम्प्युटर आरशासारखं काढून देतो. पैसे पूर्णाचे.

"दोन कावून सांगून राहिल्या? एकच सांगा. दुसरं मशीन काढते."

"दोनी घे."

"माप कोनाचं हाय?"

"गिऱ्हाइकाचं," सुंदराबाई म्हणाली.

माप तिचं स्वतःचं होतं. नागपूरला ऑपरेशन झालं, छातीची डावी बाजू काढली. अचलपूरच्या कितीतरी बायकांच्या अंगावर तिच्या हातचा ब्लाउज, पण स्वतःचा काही तिला त्यानंतर जमला नव्हता. अस्तर कापून पाहिलं होतं. कापड दुमडून दोन्ही बाजू एकाच कात्रीत कापायची आयुष्यभराची सवय, हात ऐकेना. शुक्रवारी लेकीचा, पायलचा साखरपुडा होता, आणि फोटोत तिला पदर मुठीत धरून उभं राहायचं नव्हतं. हे सगळं या दोन बाप्यांसमोर बोलायचंही नव्हतं.

दुसरा बाप्या म्हणजे देवीदास, शाळांचे ट्रॅकसूट शिवून देणारा. त्याच्याकडे टेबलावर कापड पसरलेलं, कारागीर हात बांधून बसलेले, आणि कापडावर टाकायचा आखणीचा कागद अजून कुलदीपच्या कॉम्प्युटरात. असा अडकलेला माणूस दुसऱ्याच्या कामाला विनोद पुरवतो. त्याला खर्च येत नाही.

"गिऱ्हाईक वाकडं उभं असन, मावशी," तो दारातून म्हणाला. "टेप लावाच्या टायमाले सरळ उभं करत जा."

"सरळच उभं होतं."

"मंग टेप वाकडा!"

कुलदीपनं डावीकडे आठ टाकलं. उजवीकडेही आठ झालं. उजवीकडे साडेनऊ टाकलं, तर डावं फुगलं.

"पाह्यलं? मशीनलेच पटत नाई."

"तिले पटवून दे. अन् डाव्या बाजूचा टक्स काढून टाक."

कापडाला छातीचा उभार येतो तो टक्सनं. हे ब्लाउजवालीला सांगायची वेळ यावी याचं कुलदीपला नवल वाटलं. "टक्स काढला तं थे बाजू सपाट पडन ना, मावशी."

"पडू दे."

"गिऱ्हाईक कागद माह्या तोंडावर फेकून मारन."

"नाई मारत. काढ तू."

देवीदास आत आला, कागदावर आखणी उतरवणाऱ्या प्लॉटरला हात लावून पाहिला, पुन्हा दारात गेला. "कुलदीपभाऊ, माह्यं पह्यले काढून दे ना. मावशीचं गिऱ्हाईक काई पळून नाई चाललं."

कुलदीपला आता दोघांचाही कंटाळा आला होता. त्यानं डाव्या टक्सवर टिचकी मारली. स्क्रीनवरची तिरकी रेघ गेली. तिच्याबरोबर उजवीकडचीही गेली. पुढचा अख्खा भाग पाटासारखा सपाट झाला.

"अरे, उजवा कावून काढला!" सुंदराबाईचा हात स्क्रीनपर्यंत गेला. "तो राहू दे. तो हाय अजून."

देवीदासच्या ओठांवर पुढचा विनोद तयार दिसत होता. तो त्यानं गिळला, खिशातून मोबाइल काढला आणि बंद पडद्यावर अंगठा फिरवू लागला.

कुलदीपनं मागे वळून पाहिलं नाही. कान तेवढे लाल झाले. तो एका यादीत शिरला, बाहेर आला, दुसरीत शिरला. आरसा बंद करायची सोय त्याला आजवर कधी लागलीच नव्हती. सापडायला वेळ गेला. सुंदराबाई तेवढ्यात पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत आणि सोडत राहिली. मग मधली रेघ सुटली, आणि दोन्ही बाजू आपापल्या झाल्या.

"डावं आठ," तो हळू आवाजात म्हणाला.

"हो."

"उजवं साडेनऊ. टक्स उजव्यालेच."

"हो."

"डाव्या मुंढ्यात थोडं सैल ठेवू?"

"ठेव," ती म्हणाली. "बाही चढते तिथं टोचते."

"देवीदासभाऊ, तुमचं..."

"माह्यं राहू दे," देवीदास मोबाइलमध्ये बघतच म्हणाला. "कारागीर काय, बसलेच हायेत."

प्लॉटरचं पेन कागदावर धावू लागलं. उजवीकडे टक्ससाठी वळलं, डावीकडे न थांबता सरळ गेलं. सुंदराबाई वाकून पाहत होती. पेन उचललं गेलं तेव्हा कुठे ती खुर्चीवर टेकली.

कुलदीपनं कागद फाडून घेतला आणि मधल्या रेघेवर दुमडायला गेला. दोन्ही बाजू जुळतात का ते तो सगळ्यांचंच असं बघतो. हात अडला. त्यानं गुपचूप कागदाची गुंडाळी करायला घेतली.

"गुंडाळी काय करून राहिला रे?" सुंदराबाई म्हणाली. "बसमदी उभ्यानं जा लागते मले. चेंदून जाईन ते. घडी घाल."

"कुठून घालू, मावशी?"

तिनं कागद त्याच्या हातातून घेतला, टेबलावर पसरला, तळहातानं सपाट केला, आणि आडवी घडी घातली.