दहावा चौकोन

“कुणाचा विश्वास बसायचा नाही, पण त्या वर्षी अख्ख्या खंडात एकच बाई रडली,” म्हातारा म्हणाला आणि त्याने दुखरा पाय सिस्टरपुढे केला.

ड्रेसिंगच्या खोलीत बाकावर दोघे बसले होते. मास्तरांचा अंगठा कापला होता, टॅक्सीवाल्याची पोटरी भाजली होती. दोघांनी माना पुढे काढल्या. म्हाताऱ्याने सगळा जन्म वर्तमानपत्रात फोटो काढण्यात घालवला होता. त्याच्या थापा ऐकायला लोक आपला नंबरसुद्धा सोडून देत.

“एकच?” मास्तर म्हणाले. “अहो, त्या वर्षी माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली. मी वर्गात नकाशावर बोट ठेवून ठेवून दमलो होतो.”

“मेली पुष्कळ. रडली एक.”

सिस्टर आठवड्यापूर्वीच या दवाखान्यात बदलून आली होती. ती मान खाली घालून चिकटलेली पट्टी भिजवत होती.

म्हाताऱ्याने सांगायला घेतलं. जानेवारीत शहरातल्याच एका कारखान्याचा बॉयलर फुटला. गेटचा गज एका हाताने धरून, दुसऱ्या हाताची मूठ तोंडात कोंबून एक बाई उभी होती. नवरा आत होता. याने कॅमेऱ्याचा खटका दाबला. असा फोटो जन्मात एकदाच मिळतो. दुसऱ्या दिवशी बाई पहिल्या पानावर.

मग पेपरच्या मालकांचं आणि बाहेरदेशचे फोटो पाठवणाऱ्या एजन्सीचं वाजलं. बातम्या येत राहिल्या, फोटो बंद. आणि वर्ष तर असं, की खंडाला साडेसातीच लागलेली. मार्चमध्ये उत्तरेकडच्या देशात लष्कराने सत्ता बळकावली. राष्ट्राध्यक्ष म्हणे एकाच पायात बूट घालून पळाला. संपादक ओरडला, “मला रडणारी बाई पाहिजे!” बाई कपाटात तयार होती. गेट कापलं, चेहरा ठेवला. जूनमध्ये भूकंप झाला. निगेटिव्ह उलटी धरली, डावीकडे बघणारी बाई उजवीकडे बघायला लागली. ऑगस्टमध्ये तीनशे माणसं घेऊन बोट बुडाली. ब्रशने बाईचे केस ओले केले. ऑक्टोबरमध्ये दोन शेजारी देशांत युद्ध पेटलं. तिच्यामागे थोडा धूर काढला.

“आणि कुणाच्या लक्षात आलं नाही?” टॅक्सीवाल्याने विचारलं.

“अरे, रडणाऱ्याच्या तोंडाकडे कोण नीट बघतं?”

टॅक्सीवाला खो खो हसला. मास्तरांनाही हसू आवरलं नाही. सिस्टरने पट्टी ओढली.

“हळू गं बाई! माणसाचा पाय आहे,” म्हातारा कळवळला. मग पुन्हा बाकाकडे वळला. “एकीच्या आलं लक्षात. तिच्याच.”

नोव्हेंबरात ती कचेरीत आली. पिशवीतून कात्रणं काढून तिने टेबलावर ओळीने मांडली, पत्ते मांडावेत तशी.

“साहेब, माझा नवरा एकदाच मेला,” ती म्हणाली. “तुम्ही मला चार देशांत विधवा केलंत. सासूबाई म्हणतात, मी मुद्दाम फोटो काढून घ्यायला जाते. त्यांच्या मुलाच्या मरणाचा तमाशा मांडलाय म्हणतात. पुन्हा पेपरात दिसलीस तर पोरीला घेऊन चालती हो, म्हणतात. पदरात सात वर्षांची पोर आहे साहेब. कुठे जाऊ?”

“मग तुम्ही काय केलंत?” मास्तरांनी विचारलं. त्यांचं हसू गेलं होतं.

“कॅमेऱ्यावर हात ठेवून शपथ घेतली. आम्हा लोकांना त्याहून मोठा देव नाही. म्हटलं, बाई, तुमचं रडणं या पेपरात पुन्हा छापणार नाही. बिचारी! रडत आली, रडत गेली.”

डिसेंबरात युद्ध थांबलं, तह झाला. सरत्या वर्षाचं पान निघायचं होतं. वर्षातल्या दहा मोठ्या घटना, दहा चौकोन. नऊ चौकोनांत इकडून तिकडून जमवलेले रणगाडे, ढिगारे, पुढारी बसवले. दहावा तहाचा. संपादक म्हणाला, इथे माणसाचा चेहरा हवा, नाहीतर उद्यापासून तुझं तोंड दाखवू नकोस.

“बाई कपाटातच होती,” म्हातारा म्हणाला आणि मुद्दाम थांबला. त्याने दोघांची तोंडं नीट न्याहाळली. “पण शपथ ती शपथ. मी दहावा चौकोन कोरा सोडला. पांढराफटक! नोकरीवर पाणी सोडायची तयारी ठेवून घरी जाऊन झोपलो. आणि गंमत बघा, सकाळी लोक म्हणाले, वा, काय कल्पना! तह म्हणजे कोरी पाटी! संपादकाला मानपत्र मिळालं.”

“माणूस आहात,” मास्तर म्हणाले आणि चष्मा पुसू लागले.

सिस्टर नवी पट्टी गुंडाळता गुंडाळता थांबली. म्हाताऱ्याची टाच तिच्या हातात होती.

“खोटं,” ती म्हणाली.

“काय खोटं?”

“दहावा चौकोन कोरा नव्हता, आजोबा. त्यात माझी आई होती. हसत होती. खाली ओळ होती, ‘खंडाच्या चेहऱ्यावर पुन्हा हसू’. नवरा जाऊन वर्ष झालं नाही आणि ही दात काढते, असं म्हणून आजीने ते पान दाराला चिकटवलं आणि आमची ट्रंक रस्त्यावर ठेवली.”

म्हाताऱ्याने पाय ओढून घ्यायला पाहिलं. टाच सुटली नाही.

“हसतानाचा फोटो मी कुठून आणणार, पोरी?” तो म्हणाला. “ती तर वर्षभर रडतच होती.”

“एकदा हसली होती,” सिस्टर म्हणाली. “तुम्ही कॅमेऱ्यावर हात ठेवून शपथ घेतलीत तेव्हा.”